माउसची सेन्सिटिव्हिटी किती ठेवता, आणि ठरवली कशी?

रात्रपाळी
शनिवार, रात्री १२:५०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसता वाचक आहे, हा पहिलाच धागा. सांभाळून घ्या.

चार वर्षं फोनवर बीजीएमआय हा गोळीबाराचा गेम खेळलो. जायरोवर हात बसला होता, फोन जरा तिरका केला की नेम जागेवर. या दिवाळीत बोनसच्या पैशांतून पीसी जुळवला आणि व्हॅलोरंट हा माउसने नेम धरायचा गेम सुरू केला. तेव्हापासूनचे हाल सांगायचीही लाज वाटते. आयर्न टू, म्हणजे तळाची श्रेणी, आणि तिथूनही खाली घसरतोय.

माउस १६०० डीपीआयवर (माउसचा स्वतःचा वेग), गेममधली सेन्सिटिव्हिटी, म्हणजे माउस हलला की नेम किती फिरायचा तो आकडा, ०.८. समोर माणूस दिसला की क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची फुली, त्याच्या डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे फिरत राहतं, पेठेत पत्ता शोधणाऱ्या पाहुण्यासारखं. तोवर मी आडवा झालेला असतो. मग यूट्यूबवर एका प्रो खेळाडूचे आकडे बघून ८०० आणि ०.३ केलं. आता नेम बरा बसतो, पण माउस हलवायला जागाच नाही. टेबल मी आठवीत असताना बाबांनी घेतलेलं, प्लायवूडचं, कीबोर्डचा सरकता ट्रे असलेलं. कीबोर्ड ठेवून उजवीकडे जेमतेम एक वीत उरते. मागून कोणी आलं की वळेपर्यंत माउस दोनदा उचलावा लागतो. काल उचलून ठेवताना ट्रेची कड चुकली. माउस केबलला लोंबकळतोय, मी जमिनीकडे बघतोय आणि तिकडे स्पाइक (गेममधला बॉम्ब) फुटला. टीममेट्स हिंदीत जे म्हणाले ते इथे लिहिलं तर अ‍ॅडमिन धागा उडवतील.

तर तुम्ही किती ठेवता? आणि हा आकडा ठरवायची काही रीत आहे, की अंदाजपंचे दाहोदरसे?

उनाड_कोंबडा
शनिवार, रात्री १:०४

०.३७. का ते विचारू नका. एका मित्राने सांगितलं, त्याला त्याच्या मित्राने सांगितलं होतं. आमच्या घराण्यात हेच चालत आलंय.

बाकी "केबलला लोंबकळतोय" वाचून खिक्.

आजीचा_बटवा
रविवार, सकाळी ७:१५

शीर्षक वाचून वाटलं उंदरांच्या बंदोबस्ताचा धागा आहे. आमच्याकडे सध्या तोच विषय ऐरणीवर आहे. चालू द्या तुमचं.

सायबर_काका
रविवार, सकाळी ९:३०

रात्रपाळी, नुसतं "किती ठेवता" विचारून उपयोग नाही हो. कोणी ०.३ म्हणेल, कोणी ३ म्हणेल, आणि दोघांचा हात तेवढाच हलत असेल. हे म्हणजे "भाजीत किती चमचे तिखट" विचारण्यासारखं झालं. चमचा केवढा, तिखट कुठलं?

डीपीआय म्हणजे माउस एक इंच सरकला की तो कॉम्प्युटरला किती ठोके पाठवतो. ८०० डीपीआय म्हणजे इंचाला ८०० ठोके. दर ठोक्याला किती अंश वळायचं हे गेम ठरवतो. व्हॅलोरंटमध्ये सेन्सिटिव्हिटी १ असेल तर एका ठोक्याला ०.०७ अंश. काउंटर-स्ट्राइक या तसल्याच जुन्या गेममध्ये ०.०२२ अंश, आणि हा आकडा थेट त्याहून जुन्या क्वेक गेमच्या काळापासून चालत आलाय. म्हणून व्हॅलोरंटचा ०.४ आणि काउंटर-स्ट्राइकचा १.२७ हे जवळपास एकच. ३.१८ ने गुणा किंवा भागा, झालं.

तेव्हा आकडा सोडा आणि सेंटिमीटर मोजा. पूर्ण एक गिरकी घ्यायला, म्हणजे ३६० अंश फिरायला, माउस किती सेंटिमीटर सरकवावा लागतो, हे एकच माप खरं. घरची फूटपट्टी घ्या. प्रॅक्टिस रेंजमध्ये एखाद्या भिंतीच्या कोपऱ्यावर क्रॉसहेअर ठेवा, माउसच्या डाव्या कडेशी पॅडवर चिकटपट्टीचा तुकडा लावा, आणि पुन्हा त्याच कोपऱ्यावर येईपर्यंत माउस सावकाश उजवीकडे न्या. जागा संपली तर तिथे खूण करायची, माउस उचलून मागे आणायचा आणि पुढचं अंतर त्यात मिळवायचं. फूटपट्टी नको असेल तर व्हॅलोरंटसाठी १३०६३ ला डीपीआय गुणिले सेन्सिटिव्हिटीने भागा. उत्तर सेंटिमीटरमध्ये.

तुमचं पहिलं सेटिंग: १६०० गुणिले ०.८ म्हणजे १२८०. गिरकी १०.२ सेंटिमीटरची. अहो, ही आगपेटी दोनदा ठेवली तर तेवढी होते! दुसरं सेटिंग: २४०. गिरकी साधारण ५४ सेंटिमीटरची. तुम्ही एकदम पाचपट मंद झालात आणि जागा तीच वीतभर. माउस लोंबकळणार नाही तर काय.

अवांतर: आम्ही काउंटर-स्ट्राइक १.६ खेळायचो तेव्हा सायबर कॅफेत गोळीवाले माउस होते. तासाला वीस रुपये. बसल्याबसल्या पहिलं काम म्हणजे माउस उलटा करून गोळी काढायची आणि आतल्या रुळांवरची मळाची वळी नखाने खरवडायची. सेन्सिटिव्हिटी काय हे कोणालाच माहीत नव्हतं. ज्याने आधीच्या माणसाचा मळ काढला तो डस्ट टू या नकाशावर जिंकायचा.

उनाड_कोंबडा
रविवार, सकाळी ९:४८

काका, दंडवत घ्या. मोजलं. माझं ४४ सेंटिमीटर आलं. घराण्याला कळवतो.

एक_शॉट
रविवार, सकाळी ११:२०

भाऊ, मी नागपूरहून. ८०० वर ०.९ खेळतो, काकांच्या हिशोबाने १८ सेंटिमीटर. तीन वर्षं झाली, डायमंड या वरच्या श्रेणीत आहे, काही होत नाही ना. जो तो "कमी करा, कमी करा" म्हणतो. काऊन करायचं? मले रेझ हे पात्र आवडते, तिच्या सॅचेलवर (स्फोटकाच्या पुडक्यावर) उडून हवेत वळायचं असते. ५० सेंटिमीटरवाला मधातच अडकते.

प्रो लोकांचंच घ्या. युक्रेनचा सिंपल बरीच वर्षं ४०० डीपीआय आणि ३.०९ वर काउंटर-स्ट्राइक खेळला. फ्रान्सचा झायवू ४०० आणि २ वर. दोघंही निदान तीनदा एचएलटीव्ही या काउंटर-स्ट्राइकच्या वेबसाइटच्या वार्षिक यादीत जगात पहिले आले. सिंपल २०१८, २०२१, २०२२ ला आणि झायवू २०१९, २०२०, २०२३ ला. दोघांच्या सेटिंगमध्ये दीडपट फरक आहे. मग खरं कोणतं?

सायबर_काका
रविवार, दुपारी १२:०५

एक_शॉट, मुद्दा रास्त. सिंपलची गिरकी साडेतेहतीस सेंटिमीटरची आणि झायवूची ५२ ची. दोघेही खरे. पण त्यातला कोणीही १० सेंटिमीटरवर नाही, एवढं मात्र बघा. तुमचं १८ म्हणजे वेगवान टोक आहे. जमलंय तर हात लावू नका.

गणिताचा_तास
रविवार, दुपारी ४:१०

काकांच्या हिशोबाला माझी एक पुरवणी. गिरकीची खालची मर्यादा हात ठरवतो, वरची मर्यादा टेबल.

माउस पॅडच्या मधोमध ठेवा. तिथून कडेपर्यंत न उचलता गेलात की निदान १८० अंश वळता आलं पाहिजे, म्हणजे पाठीमागे बघता आलं पाहिजे. पॅड ४५ सेंटिमीटर रुंद असेल तर मधून कडेपर्यंत साधारण २२. म्हणून गिरकी ४४ च्या आत. धागाकर्त्याच्या ट्रेवर वीतभर जागा म्हणजे १८ धरू, मधून कडेपर्यंत ९, म्हणजे गिरकी १८ ची. ८०० डीपीआयवर ०.९. बघा, नागपूरच्या भाऊंचाच आकडा आला! म्हणजे तुमच्या ट्रेवर प्रो खेळाडूचं सेटिंग बसणंच शक्य नाही. सेन्सिटिव्हिटी आधी तुमच्या सुताराने ठरवली आहे.

तेव्हा प्रश्न असा विचारा की ट्रे बदलायचा की हात.

रात्रपाळी
रविवार, रात्री १०:३०

काका, सर, मनापासून आभार. वाचनखूण साठवली. "सेन्सिटिव्हिटी सुताराने ठरवली" हे भिंतीवर लावतो.

मोजलं. ट्रेवर खरंच १८ सेंटिमीटर. उजवीकडे ट्रेची पट्टी आहे, डावीकडे कीबोर्डचा नंबरपॅड, जो मी आयुष्यात कधी वापरला नाही.

एक शंका. विंडोजमधला माउसचा वेग मी शेवटच्या खुटीपर्यंत नेलाय, कारण ऑफिसचं कामही याच मशीनवर करतो. त्याने फरक पडतो का? आणि ४०० चांगलं की १६००? यूट्यूबवर दोन्हीकडून मारामारी चालू आहे.

टिकटिक
रविवार, रात्री ११:१५

विंडोजचं मी सांगतो, रोज लोकांची मशीन्स दुरुस्त करतो. माउसच्या सेटिंगमध्ये "एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन" नावाची एक टिक असते. नाव फसवं आहे. ती चालू असली की हात जोरात हलला तर पॉइंटर जास्त धावतो, हळू हलला तर कमी. म्हणजे अंतर तेच, पण वेगानुसार नेम वेगळीकडे. ती आधी काढा. वेगाची पट्टी अकरा खुट्यांची असते, ती बरोब्बर मधल्या, सहाव्या खुटीवर ठेवा.

आता गंमत अशी की व्हॅलोरंट आणि सीएस टू (नवं काउंटर-स्ट्राइक) माउसचे ठोके थेट घेतात, विंडोजला मध्ये घेतच नाहीत. तिथे तुमची शेवटची खुटी लागू होत नाही. पण जुने गेम आणि डेस्कटॉपवर होते. मग डेस्कटॉपवर एक हात आणि गेममध्ये दुसरा अशी सवय लागते.

४०० चं मूळ सांगतो. एकेकाळी चांगले ऑप्टिकल माउसच ४०० डीपीआयचे यायचे. मायक्रोसॉफ्टचा इंटेलिमाउस एक्स्प्लोरर ३.० घ्या, ४०० वरच चालायचा. जुन्या खेळाडूंचा हात त्यावर बसला, त्यांचं बघून पुढच्यांनी तेच लावलं. त्यात जादू काही नाही.

गणिताचा_तास
रविवार, रात्री ११:५०

जादू नाही, पण हिशोब आहे. १०८० पिक्सेलवाल्या पडद्यावर व्हॅलोरंटमध्ये मधोमधचा एक पिक्सेल साधारण ०.०७५ अंशाचा पडतो. ४०० डीपीआयवर १.३ ठेवलंत तर एका ठोक्याला ०.०९१ अंश वळणार, म्हणजे पिक्सेलपेक्षा मोठी उडी. लांबच्या डोक्यावर नेम धरताना ती जाणवू शकते. तोच वेग १६०० आणि ०.३२५ ने केलात तर उडी ०.०२३ अंशाची, पिक्सेलच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही लहान. शिवाय ४०० वर पहिला ठोका जायला माउस ०.०६ मिलिमीटर सरकावा लागतो, १६०० वर त्याच्या चौथाईत काम होतं.

म्हणून माझं मत ८०० किंवा १६००, आणि गेममधला आकडा खाली. पण मी जे वेगवान टोक धरलं ते सोडून तुम्ही ४० सेंटिमीटरच्या आसपास असाल तर ४०० वरही एक ठोका पिक्सेलपेक्षा लहानच असतो. तेव्हा यावर झोप घालवू नका.

हाडवैर
सोमवार, सकाळी ८:२०

मी फिजिओथेरपिस्ट आहे, गेमर नाही. माझा मुलगा आहे, म्हणून हा धागा उघडला.

तुम्ही सगळे टेबल मोजताय, मनगटही मोजा. हात टेबलावर टेकवून मनगट फक्त आडवं हलवा. अंगठ्याच्या बाजूला ते साधारण वीस अंश जातं, करंगळीच्या बाजूला तीस. मनगटापासून माउसपर्यंत दहा-अकरा सेंटिमीटर धरले तर माउस एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जेमतेम साडेनऊ सेंटिमीटर फिरतो. रात्रपाळींची जुनी गिरकी १०.२. म्हणजे ते सगळा खेळ मनगटाने खेळत होते, आणि तोही त्याच्या दोन्ही टोकांना ताणून. मनगट टोकाला असताना बारीक हालचाल नीट होत नाही, म्हणून नेम इकडून तिकडे जातो. गिरकी ४० ची असेल तर मनगटाच्या वाट्याला पाव गिरकी येते, उरलेली कोपर आणि खांदा करतो. मोठं वळण दंडाने, शेवटची बारीक दुरुस्ती मनगटाने आणि बोटांनी. पेटीवाल्याचा भाता आणि पट्ट्यांवरची बोटं बघा, तसंच.

एक_शॉट, तुम्ही तीन वर्षं खेळताय, छान. पण अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांत मुंग्या येतात का, विशेषतः रात्री झोपेत? तसं असेल तर मनगटातली नस दाबली जाते आहे असं समजा. करंगळीत मुंग्या येत असतील तर कोपर कडेवर टेकतंय का ते बघा. दोन्ही बाबतीत इथे विचारू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि एकदम पाचपट बदल करू नका. दंडाला सवय नसते, दोन दिवसांत खांदा धरेल.

एक_शॉट
सोमवार, सकाळी ९:०२

ताई, रात्री मुंग्या येतात. मले वाटलं उशीमुळे.

हाडवैर
सोमवार, सकाळी ९:१०

उशीमुळे नाही. या आठवड्यात दाखवून या आणि इथे येऊन सांगा. तोपर्यंत तासाभराने हात झटकून उठायचं.

पाऊसवेडी
सोमवार, दुपारी २:४०

रत्नागिरीहून. तुम्ही सगळे घाटावरचे दिसता, कारण पॅडबद्दल कोणी अक्षर काढलं नाही.

माझी सेन्सिटिव्हिटी वर्षातून दोनदा बदलते. सेटिंग तेच असतं, पॅड बदलतो. कापडी पॅड आहे. मे महिन्यात माउस त्यावरून सुळकन जातो. जून लागला की हवेतला दमटपणा कापड पितं, आणि जुलैत तर पॅड ओल्या साडीसारखा लागतो. माउस सुरू करायला जास्त जोर लागतो, मग जोर लागला की थांबत नाही. आकडा तोच, ८०० वर ०.३५, गिरकी तीच, पण नेम नेहमी एक बोट पुढे. पहिल्या पावसाळ्यात मी सेटिंग खालीवर करून वेडी झाले होते.

आणि हो, भावाने अक्कल लढवून पॅडवर कॅरमची पावडर टाकली. तर्क असा की स्ट्रायकर जसा जातो तसा माउसही जाईल. गेला, दहा मिनिटं. मग पावडर सेन्सरच्या भिंगात गेली, क्रॉसहेअर आपलं आपण थरथरायला लागलं आणि पॅडला पांढरे डाग पडले ते आजतागायत आहेत. कोणी करू नका.

आता पावसाळ्यात पॅड आठवड्यातून एकदा पंख्याखाली वाळवते आणि माउसखालच्या पट्ट्या कोरड्या फडक्याने पुसते. सेटिंगला हात लावत नाही.

उनाड_कोंबडा
सोमवार, दुपारी ३:००

"स्ट्रायकर जसा जातो" हाहाहा. तुमच्या भावाला आमच्या घराण्यात घेऊ का?

टिकटिक
सोमवार, संध्या. ६:२५

पाऊसवेडी, +१. माझ्याकडेही एकदा एक मुलगा आला होता, "माउस बिघडलाय, कधीकधी अचानक पळतो" म्हणत. दोन दिवस ठेवून घेतला, काही सापडेना. शेवटी त्याला समोर बसवून खेळायला लावलं. तो माउस इतका घट्ट आवळायचा की तर्जनीचं पेर चाकामागच्या छोट्या बटणावर पडायचं. ते डीपीआय बदलायचं बटण. ८०० वरून १६००, वरून ३२००. रात्रपाळी, तुमच्या माउसला असलं बटण असेल तर आधी सॉफ्टवेअरमधून एकच डीपीआय ठेवा, बाकीचे काढून टाका.

धागा_उसवणारा
सोमवार, रात्री ९:४५

बरोब्बर सेन्सिटिव्हिटी काढायची एक पद्धत नेटवर फिरते ना? एक आकडा घ्यायचा, त्याच्या निम्मा आणि दीडपट करून बघायचं, जो बरा वाटेल तो घेऊन पुन्हा जवळजवळ जात राहायचं. सात फेऱ्यांत उत्तर. ती का कोणी सांगत नाही?

सायबर_काका
सोमवार, रात्री १०:२०

केली आहे. एकाच रविवारी तीनदा. सकाळी ०.३१ आलं, जेवणानंतर ०.५५, संध्याकाळी ०.४२. जेवणात बासुंदी होती, एवढंच मला त्यातून कळलं. "बरं वाटणं" हे माप नव्हे हो. नवं काहीही पहिली पाच मिनिटं बरंच वाटतं.

त्यापेक्षा हे करा. टेबलात बसेल असा ३० ते ५० सेंटिमीटरमधला एक आकडा धरा. रेंजमध्ये उभे राहा, बॉट्सवर (सरावाच्या पुतळ्यांवर) एकेक गोळी, घाई नाही. चुकलेली प्रत्येक गोळी कुठे गेली ते बघा, कागदावर रेघा मारा. डोक्याच्या पुढे गेली की एका रकान्यात, अलीकडे राहिली की दुसऱ्या. पन्नास चुका झाल्या की मोजा. बहुतेक पुढे जात असतील तर आकडा दहा टक्के कमी करा. बहुतेक अलीकडे राहत असतील तर दहा टक्के वाढवा. आणि दोन्हीकडे सारख्याच असतील तर दोष आकड्याचा नाही, हाताचा आहे. तिथे सेटिंग बंद करायचं आणि खेळायचं.

अजून एक. आयर्नमधले निम्मे नेम माउसने चुकतच नाहीत. कोपऱ्यावरून वळताना क्रॉसहेअर जमिनीकडे असतं, मग माणूस दिसल्यावर वर आणावं लागतं. ते आधीच डोक्याच्या उंचीवर धरून चाललात तर माउस फार हलवावाच लागत नाही.

धागा_उसवणारा
सोमवार, रात्री १०:४१

बासुंदी. बरं. रेघा मारतो.

रात्रपाळी
रविवार, रात्री ११:३० (तीन आठवड्यांनी)

धागा वर काढतोय. राहिलेला हिशोब द्यायला आलोय.

ट्रे काढला. चार स्क्रू आणि दोन रूळ, पण एक स्क्रू गंजलेला, त्याने शनिवार खाल्ला. कीबोर्ड वर टेबलावर आणला, तोही तिरका ठेवला, डावी बाजू माझ्याकडे. नंबरपॅड आता मॉनिटरखाली जातो. ४५ बाय ४० चा पॅड आणला, बसला. ताईंचं ऐकून एकदम उडी मारली नाही. पहिला आठवडा ८०० वर ०.८, दुसरा ०.६. या आठवड्यात ०.४ वर आलोय, गिरकी ४०.८ सेंटिमीटरची. दंड दोन दिवस ठणकला, मग गप्प बसला.

रेघा मारल्या. ०.६ वर पन्नासातल्या ३६ पुढे गेलेल्या. ०.४ वर २३ पुढे, २७ मागे. म्हणजे काकांच्या भाषेत दोष आता हाताचा. आयर्नमधून ब्रॉन्झ वनमध्ये आलोय, त्यात क्रॉसहेअर डोक्यावर धरण्याचा वाटा जास्त असावा. बीजीएमआयमध्ये ते कधी करावंच लागलं नव्हतं, जायरो सांभाळून घ्यायचा.

नवी अडचण: ट्रे खाली होता, टेबलाचा वरचा फळा उंच आहे. कोपर टेकवलं की खांदा कानाला लागायचा. म्हणून खुर्ची वर केली, तर पाय लटकायला लागले. मग देवघरातला पाट आणून पायाखाली घेतला.

हाडवैर
सोमवार, सकाळी ८:०५

कोपर काटकोनात आणि खांदा सैल राहत असेल तर उत्तम केलंत. एक_शॉट कुठे आहेत?

एक_शॉट
सोमवार, सकाळी ८:५०

आहो ताई. दाखवून आलो. मनगटाचा पट्टा दिलाय, रात्री लावून झोपायचा, महिनाभर. मुंग्या कमी आहेत. ०.९ वरून ०.७ वर आणलंय, पण रेझ सोडली नाही.

आजीचा_बटवा
सोमवार, सकाळी १०:३०

बाकी सगळं राहू दे. रात्रपाळी, देवाचा पाट पायाखाली?

रात्रपाळी
सोमवार, रात्री ११:५५

आईच्या लक्षात काल आलं. पाट गंगाजल शिंपडून परत देवघरात गेला. सध्या पायाखाली जुन्या मदरबोर्डचं खोकं आहे, ते दोन सेंटिमीटर कमी पडतंय. आणि काढलेला ट्रे बाबांनी पलंगाखाली ठेवलाय, कॅरम खेळताना सोंगट्या ठेवायला कामी येईल म्हणतात.